विहिरीवर बसणारी बायजा

चांदीप गावच्या बायजाच्या धाकट्या बहिणीने एका वैशाखात गावच्या विहिरीत जीव दिला. पुढच्या सात वर्षांत गावातल्या आणखी दोघी गेल्या, त्याही वैशाखातच, भर दुपारी, गाव झोपलेलं असताना. हे ध्यानात आल्यापासून होळी झाली की बायजा रोज दुपारी चिंचा फोडत विहिरीपाशी बसू लागली. लोक तिला खुळी म्हणत.

१९५२ च्या वैशाखात गावातल्या हरेश्वरची विधवा सून हंसा तिथं आली. हातात ना कळशी, ना दोर. ती सरळ काठाकडे निघाली. बायजा चिंचा टाकून उठली. ओरडावं तर पोरगी बिथरेल. तिने हळूच जाऊन हंसाचं मनगट धरलं.

"बाय, जीव द्यायला आलीस?"

हंसा हिसडे देऊ लागली. "सोड, काकी!"

"नाय सोडनार. माजी बहीन आली तवा इथं कोन नव्हतं. आज मी हाय."

हंसा मटकन खाली बसली. नवरा गेल्यापासून ती रडलीच नव्हती, ती आता रडली. उन्हं कलेपर्यंत बायजाने हात सोडला नाही. मग घरी पोचवून तिने हरेश्वरला बजावलं, "हिला एकटी ठेवू नको."

तरी रोज दुपारी ती स्वतः हंसाला सोबत बसायला बोलवायला जाई. आषाढात हंसा भातलावणीला शेतात उतरली, तेव्हा कुठं बायजाला नीट झोप लागली.