आठ माणसं, दोन केबिन

पंप बनवणाऱ्या कारखान्याच्या खरेदी विभागात खिडकीकडच्या टेबलाशी बसणाऱ्या बाईंचं खरं नाव पगारपत्रक सोडलं तर कुठेच कुणी वापरत नसे. सगळे त्यांना तक्तेबाई म्हणत. साधा वॉशर घ्यायचा असो की क्रेन, तीन ठिकाणची दरपत्रकं येऊन त्यांचा तुलनेचा तक्ता झाल्याशिवाय बाई कागद पुढे सरकू देत नसत. दरपत्रकातली बारीक अक्षरं त्या आधी वाचत, मोठी नंतर. माल विकायला येणारी मंडळी साहेबांच्या खोलीत हसतखेळत शिरत आणि बाईंच्या टेबलाशी आली की शर्टाची कॉलर नीट करत. "वाहतूक वेगळी असं खाली लिहिलंय, ती किती?" एवढं बाईंनी विचारलं की समोरच्याचं निम्मं हसू तिथेच विरत असे.

सव्वीस वर्षं हेच केल्यावर ते अंगात मुरणारच. घरची छत्री घ्यायलाही बाई तीन दुकानं फिरत. लग्न केलं नाही, त्यावर कारखान्यातल्या एका आगाऊ फिटरचं म्हणणं असं, की तिसरं दरपत्रक आलंच नसेल. हे बाईंच्या कानावर गेलं तेव्हा त्या मनापासून हसल्या होत्या आणि पुढच्या महिन्यात त्याच फिटरच्या हातमोज्यांच्या मागणीवर त्यांनी तीन शंका काढल्या होत्या.

बाई आणि त्यांची आई दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहत. आई एक्क्याऐंशीची, कान तिखट, जीभ त्याहून तिखट. एका रविवारी सकाळी पेपरच्या पुरवणीत आईला पानभर जाहिरात दिसली. चौदा मजली पांढरीशुभ्र बोट, वर घसरगुंडी, खाली निळं पाणी, आणि एका लांबलचक टेबलाभोवती दात दाखवत जेवणारं एक कुटुंब.

"ही बोट मध्येच थांबते का गं?" आईने विचारलं.

"बंदरात थांबते. मध्ये दोन-दोन दिवस नुसता समुद्र."

"म्हणजे जेवताना कुणाचं डोकं फिरलं तर तो उठून जाणार कुठे?"

"कुठे जाणार? फार तर वरच्या मजल्यावर."

"मग मला या बोटीवर जायचंय," आई म्हणाली. "दोघांना घेऊन."

दोघं म्हणजे आईची दोन मुलं. मोठा दादा दातांचा डॉक्टर, धाकटा शाळेची बस चालवायचा. अकरा वर्षांपूर्वी याच दोन खोल्यांत सगळे जेवायला बसले असताना, धाकट्याच्या बुडालेल्या दुकानाचं कर्ज आपण फेडलं हे दादाने बोलून दाखवलं. तेही बायकोमुलांसमोर. धाकटा भरल्या ताटावरून उठला, चपला हातात घेऊन जिना उतरला, आणि तेव्हापासून दोघांत एक शब्द नाही. फेडलेले पैसे त्याने नंतर दरमहा थोडे थोडे करून परत केले, पण पाकीट ताईच्या, म्हणजे बाईंच्याच, हातून. निरोप ताईच्या तोंडून. आई वर्षातले काही दिवस एकाकडे राहायची, काही दुसऱ्याकडे, आणि दोन्हीकडे जेवताना तिला एक माणूस कमीच दिसायचं. आता एक्क्याऐंशीव्या वर्षी तिने हट्ट धरला होता, आणि तो पुरवणं आता नाही तर कधी, हे बाईंना कुणी सांगायला नको होतं.

बाईंनी चार कंपन्यांची दरपत्रकं मागवली. कारखान्याच्या पद्धतीप्रमाणे नावं झाकून त्यांना अ, ब, क, ड म्हटलं, म्हणजे नावाला भुलणं नको. सगळ्यांच्या सहा रात्री धरल्या, तशीच खिडकीची केबिन धरली, आणि सारख्याला सारखं लावून बघायला सुरुवात केली.

बघता बघता त्यांचे डोळेच उघडले. जाहिरातीतली बोट म्हणजे अ. तिचं भाडं सर्वांत कमी, पण ते नुसतं बोटीवर पाऊल ठेवण्याचं भाडं. बंदराचा कर वेगळा. नोकरवर्गाची बक्षिशी सक्तीची, माणशी, रोजची, आणि दोन वर्षांवरच्या पोरालाही पूर्ण. पाण्याखेरीज काहीही प्यायचं तर पैसे, फोनला इंटरनेट हवं तर पैसे, आणि त्या घसरगुंडीवरून जेवढ्या वेळा घसराल तेवढ्या वेळा पैसे. सगळी बेरीज केल्यावर जाहिरातीतल्या शंभराचे एकशे त्र्याहत्तर झाले. ड कंपनीचं भाडं पाहून आधी छातीत धडकी भरायची, पण त्यात सगळं आलेलं होतं; तिचं शेवटी एकशे अडुसष्टच भरलं. क स्वस्त खरी, पण तिच्यावर बारा वर्षांखालच्या मुलांना घेतच नव्हते. "बेअरिंगवाले बरे यांच्यापेक्षा," बाई स्वतःशी पुटपुटल्या.

दादाने फोनवर तक्ता पुरता ऐकूनही घेतला नाही. "ड घे. हिशोब कसला करत बसतेस? सगळ्यांचे मी भरतो."

"दादा भरणार असेल तर मी येत नाही," धाकटा म्हणाला. "माझ्या चौघांचं मी बघेन. पण ताई, ड मला झेपायची नाही. खोटं कशाला बोलू?"

एवढ्यावर दुसरा कुणी हात टेकून मोकळा झाला असता. बाई बारीक अक्षरांकडे वळल्या, आणि ब कंपनीच्या चौथ्या पानाच्या तळाशी त्यांना हवं ते सापडलं. ब कंपनीकडे एका केबिनमध्ये पहिल्या दोघांचंच भाडं होतं. तिसरा आणि चौथा फुकट, मग तो पोर असो की म्हातारा. धाकटा, त्याची बायको, मुलगी आणि लहानगा मिळून चार. दादा, वहिनी, त्यांचा मुलगा आणि आई मिळून चार. आठ माणसं, दोन केबिन, चार भाडी. धाकट्याला परवडत होतं, आणि ते कुणाच्या उपकाराने नाही, कंपनीच्या नियमाने. दादाला पटवायला केबिनला खिडकीबाहेर बाल्कनीही होती. बाईंनी दोघांना वेगवेगळे फोन केले, दोघांनीही जरा आढेवेढे घेऊन हो म्हटलं. दुसरा येतोय का, हे दोघांनीही विचारलं नाही. दोघांनाही ते माहीत होतं. सवलत शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत होती.

आता हे आठ कोण ते मोजून पाहिलं तर कुणाच्याही लक्षात येईल की तक्तेबाई त्यात नव्हत्या. विसरल्या वगैरे नव्हत्या, त्या विसरणाऱ्यांतल्या नव्हेत. नववं माणूस आलं की तिसरी केबिन आली, आणि केबिनमध्ये एकट्या माणसाला कंपनी दोघांचं भाडं लावते, चारही कंपन्या लावतात. बाईंकडे तेवढे पैसे होते. पण बाई एकट्या दुप्पट भरणार म्हटल्यावर दादा म्हणणार, मी भरतो. धाकटा म्हणणार, तूच का म्हणून. आणि जेमतेम बसलेली घडी पुन्हा विस्कटणार. शिवाय कारखान्यातली शिस्त होतीच. तक्ता करणाऱ्याने स्वतःला तक्त्यात धरायचं नसतं, तो फक्त खाली सही करतो. बाईंना हे इतकं सरळ वाटलं की त्याचं वाईटही वाटलं नाही. खरं तर तेच वाईट होतं, पण ते त्यांना सांगणार कोण?

बुधवारी संध्याकाळी चहा पिताना त्यांनी तक्ता आईपुढे ठेवला. आईने चष्मा लावला, बोट ठेवून एकेक ओळ वाचली, आणि बोट शेवटी रिकाम्या जागेवर येऊन थांबलं.

"तू कुठे झोपणार?"

"मी नाही येत. रजा नाही मिळायची. वर्षअखेर आहे ना."

"तुझी दीडशे दिवस रजा शिल्लक आहे. दर वर्षी तूच सांगतेस मला, मिरवत."

बाईंनी मग खरं काय ते सांगितलं. तिसरी केबिन, दोन भाडी, दोघांचे स्वभाव. आवाज अगदी दर समजावून सांगतानाचा, शांत. "आई, तुला दोघांना एका टेबलावर जेवताना बघायचंय ना? ते यात बसतंय. मी तर काय, रोजच असते तुझ्यासमोर."

आईने कप खाली ठेवला. चहावर साय धरली.

"मला मुलं किती?" तिने विचारलं.

"हे काय विचारणं झालं?"

"सांग तर. हिशोबातली बाई आहेस ना तू?"

"तीन."

"मग हा तक्ता चुकलाय," आई म्हणाली आणि तो घडी करून बाईंच्या हातात परत दिला. "चूक माझीच आहे म्हणा. त्या दिवशी मीच म्हणाले, दोघांना घेऊन. माझ्याही तोंडात तू आली नाहीस. इतकी तू हाताशी असतेस की दिसेनाशी झालीस, पोरी." तिचा आवाज फुटला. तो तिने लगेच सावरला आणि फोन उचलला. दोन्ही मुलांना तिने एकच वाक्य ऐकवलं. "तुमच्या बहिणीला जागा नाही, म्हणून मी येत नाही." कारण नाही, चर्चा नाही. फोन खाली.

बाई चिडल्या. तीन आठवडे खपून जुळवलेलं दोन मिनिटांत मोडलं, म्हणून चिडल्या. आत जाऊन त्यांनी कपाट उगाचच आवरायला काढलं, आणि हातात टॉवेल घेऊन बराच वेळ रडल्या. आपण चिडून रडतोय असं त्यांना वाटत होतं, पण ते रडणं चिडीचं नव्हतं. एवढ्या वर्षांत कुणी तरी त्यांचा तक्ता चुकीचा ठरवला होता, आणि त्यांना आतून कुठेतरी फार बरं वाटलं होतं. आपण नसलो तर कुणाला तरी कमी वाटेल, हे त्यांनी धरलंच नव्हतं.

गुरुवारी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत त्यांनी धाकट्याला फोन लावला. आईची समजूत घालायला त्याला सांगावं, असा विचार होता. फोन लागेना, तो दुसऱ्या कुणाशी बोलत होता. म्हणून दादाला लावला, तर तोही बोलत होता. पाच मिनिटांनी पुन्हा धाकटा, पुन्हा दादा. दोघंही बोलतच होते. बाईंनी डबा पुढे ओढला, झाकण उघडलं आणि तसंच हातात धरून बसल्या. योगायोग असेल, त्यांनी स्वतःला बजावलं. दोन माणसं एकाच वेळी वेगवेगळ्या दोघांशी बोलत असू शकतात. पंधरा मिनिटांनी पुन्हा लावला. दोन्हीकडे तेच. तेव्हा मात्र त्यांनी डबा तसाच झाकला, साहेबांना सांगून अर्धी रजा टाकली आणि घर गाठलं. त्यांच्या हजेरीपत्रकावर अर्धी रजा पाहून हिशेब विभागाने दोनदा खात्री करून घेतली म्हणे.

घरी येऊन चपला काढतात तोच फोन वाजला. दादा होता, आणि त्याच फोनवर जोडलेला धाकटाही. बाईंनी स्पीकर लावून फोन आईच्या पलंगावर ठेवला.

"अगं, कंपनीला विचारलं मी, तू एकटीचे दोन कशाला धरलेस?" दादाने सुरुवातच केली. "हा काय म्हणतोय बघ. तिघं-तिघं करा म्हणतोय."

"रोज पोरं बसवतो ना मी सीटवर, ताई," धाकटा म्हणाला. "घरं फोडायची नाहीत हे तूच धरून बसलीस. माझी पोरगी तुझ्या अन् आईच्या खोलीत टाक. ती तशीही तुझ्याशिवाय कुणाला जुमानत नाही. तीन खोल्या, तिघं-तिघं, एकेक फुकट. भाडी सहाच. तू एकटी आलीस तरी सहाच होती."

बाईंनी मनात मांडून पाहिलं. बरोबर होतं. सव्वीस वर्षांत त्यांना सुचू नये असं काही त्यात नव्हतं. त्यांनी दोन घरं दरपत्रकांच्या दोन बंद पाकिटांसारखी धरली होती, आणि तशी पाकिटं मध्येच फोडायची नसतात.

"तिसऱ्या खोलीचे दोन्ही मी देतो," दादा म्हणाला.

"एक तू, एक मी."

"अरे, पण तुला आधीच—"

"मला काय आधीच? बोल ना. पुन्हा तेच बोलायचंय तुला?"

"तेच म्हणजे काय? मी त्या दिवशी काय बोललो ते तू धड ऐकून तरी घेतलंस का?"

"सगळं ऐकलं होतं! पोरांसमोर बोललास ते!"

"चुकलो होतो, पण तू फोन उचलशील तर सांगेन ना! अकरा वर्षं उचलला नाहीस!"

"तू केलास किती वेळा? आकडा सांग!"

आवाज चढले. अशा वेळी मध्ये पडायचं काम त्यांचंच असे. त्या पुढे झुकल्या, तोंड उघडलं, "हे बघा, खर्च असा धरला तर" एवढं ओठांवर आलंही, तोच आईने त्यांचं मनगट घट्ट धरलं.

"गप्प बस," ती कुजबुजली. "भांडतायत एकमेकांशी. भांडू देत."

फोनमधून दोघं एकमेकांचं बोलणं तोडत ओरडत होते, आणि पलंगावर आई डोळे मिटून ऐकत होती. तिच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला ती मनगट सोडायला तयार नव्हती. बाई तिच्या शेजारी सरकून बसल्या. सवलत संपायला अजून एक दिवस होता, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना कुणाला मुदतीची आठवण करून द्यावीशी वाटली नाही.