एकेचाळीस दाणे आणि माझी थोरली जाऊ

अनारकुल माझी थोरली जाऊ. लग्न होऊन या घरात आले त्या दिवसापासून मी तिच्यावर जळतेय. वीस वर्षं झाली, सवय मोडत नाही.

आधी जळत होते तिच्या दाण्यांवर. घेवड्याचे एकेचाळीस पांढरे दाणे. त्यांचे ती तीन ढीग करायची, चार-चार बाजूला सारायची आणि उरलेल्यांच्या तीन ओळी मांडायची. डोकं, काळीज, पाय. त्यावरून हरवलेली घोडी कुठल्या दरीत आहे ते सांगायची. अख्खं गाव साय नि तळलेल्या कणकेचे बोरसोक घेऊन तिच्या दारात. माझ्या दारात यायचे ते एवढंच विचारायला, "अनारकुल आहे का गं घरी?"

मग ती ख्रिस्ती झाली.

लोकर लाटून केलेले नमदे विकायला नारीनच्या बाजारात जायची, तिथे एका शिंपिणीकडे शुभवर्तमान वाचायला लागली. दोन वर्षं कुणाला पत्ता नाही. मग एका हिवाळ्यात भर जेवणात म्हणाली, "यापुढे मी दाणे टाकणार नाही. मी येशूची झाले." थोरले दीर आठ दिवस तिच्याशी बोलले नाहीत. मुल्ला येऊन बजावून गेले, "मेलीस तर कबरस्तानात जागा मिळणार नाही."

"मग तोवर जगून घेते, मुल्लासाहेब. चहा घ्या."

दाणे तिने चुलीत टाकले. मी चिमट्याने वेचून काढले. दोन करपले होते.

"सोनुन, कशाला गं?" ती म्हणाली. "मी दाणे कुठे वाचत होते? तोंडं वाचत होते. बायका घाबरून यायच्या, मी आणखी घाबरवून पाठवायचे."

मनात म्हटलं, आता दाणे टाकायची माझी पाळी.

बायका आल्याही. पण माझ्याकडून उठल्या की थेट तिच्या अंगणात. तिथे काय होतं? तिचा आवाज फुटक्या किटलीसारखा, तरी तिची स्तोत्रं ऐकायला दोघी-तिघी बसलेल्या. जी शेजारीण तिला सलामही करत नव्हती, ती आजारी पडली तेव्हा महिनाभर तिच्या गायीची धार अनारकुलनेच काढली. पूर्वी शिव्या देण्यात हिचा हात कुणी धरू शकत नसे! दीरसुद्धा म्हणायला लागले, "तिचा येशू आमच्या घरात आला, तेव्हापासून जरा शांत जेवायला मिळतं."

माझा जीव नुसता करपत होता.

त्यात बात्मा आली. तिचा मुलगा मॉस्कोत, दोन महिने फोन नाही. मी दाणे मांडले. काळजाच्या ओळीत काय आलं ते मी पाहिलंसुद्धा नाही.

"बात्मा, पूर्वजांचे आत्मे रागावलेत."

"कुणावर?"

"ज्या बाईने त्यांना सोडलं, तिच्यावर. तिच्या अंगणात जो बसतो, त्याच्या घरावर सावली पडते."

त्याच संध्याकाळी बात्मा अनारकुलच्या फाटकाशी उभी राहून ओरडत होती. "माझ्या लेकराचा आवाज खाल्लास!" पुढच्या आठवड्यात गावात नमदा लाटायला बायका जमल्या, अनारकुलला कुणी बोलावलं नाही. ओला नमदा एकटीने लाटता येत नाही, आणि त्याच्याशिवाय तिचं घर चालत नाही.

मी तिच्या अंगणात डोकावले. ती एकटी गुंडाळी पायाने ढकलत होती. एक टोक पुढे, दुसरं मागे. मी दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिले.

"जाऊबाई, ते सावलीचं मीच बोलले."

"माहीत आहे."

"मग भांडा ना! वीस वर्षं तुमच्यावर जळतेय मी, एकदा तरी भांडा!"

"राग आलाच होता गं. तीन दिवस वाटत होतं, तुझ्या डोक्यावर गरम पाण्याचं घमेलं ओतावं." ती हसली. "मग येशूपाशी बसून रडले. त्याने माझं सगळं माफ केलं, मी तुझा हिशोब कुठे मांडू? थोडा राग उरलाय अजून. ढकल जरा नीट."

ढकललं. माझ्याच डोळ्यांतून पाणी.

"मला काय सांगतेस?" ती म्हणाली. "बात्माला सांग. ती बाई मुलाची काळजी करायची सोडून माझा द्वेष करत बसलीय."

"तुम्ही चला सोबत."

"मी आले तर माझ्यामागे लपशील. जा. मी इथे तुझ्यासाठी प्रार्थना करते."

माझ्यासाठी! वाटेभर तेच आठवत होतं, आणि तेवढ्यातही हेवा वाटत होता, की मागायला हिच्याकडे कुणीतरी आहे.

बात्मा गोठ्यापाशी शेण थापत होती.

"बात्मा, मी खोटं बोलले. दाण्यांत तसं काही नव्हतं. अनारकुलवर जळते, म्हणून बोलले."

ती सावकाश उठली. "मग माझा पोरगा?"

दाणे टाकताना सांगतात तसं, रस्ता मोकळा आहे, येईल, असं ओठांवर आलं होतं.

"मला नाही माहीत."

तिने पायातला रबरी बूट उपसला. पहिला फटका खांद्यावर बसला. मी जागची हलले नाही.