गादीवर बसा म्हणणारा माणूस

भास्करराव गेल्याचं कळताच मी आदिलाबादला त्यांच्या घरी पोचलो. उशाशी त्यांचा मोबाईल होता. तेवढ्यात त्यावर मेसेज वाजला. त्यांच्या पत्नी सुमनवहिनींनी फोन माझ्या हातात दिला. 'भास्करजी, तुम्ही आमच्या परिवाराचे मोलाचे सदस्य आहात. नवी उन्हाळी कापडं बघायला जरूर या.' मी म्हणालो, "कंपनीचा आहे."

त्या कंपनीची शोरूम म्हणजे एके काळचं त्यांचं दुकान. जमिनीवर लांबलचक पांढरी गादी, भिंतीला साड्यांचे गठ्ठे. महाराष्ट्राच्या सीमेवरच्या गावांतून लग्नाचा बस्ता बांधायला, म्हणजे साऱ्या घराची लग्नाची कापडं घ्यायला, माणसं जीप भरून येत. चपला काढून उंबऱ्यात थांबत. भास्करराव उठून "या, बसा, पानी घ्या," म्हणाले की मगच गादीवर पाय पडे. दुपारी वरणभात आणि वांग्याची भाजी तिथेच. निघताना नवरीला एक साडी दुकानाकडून. त्यामुळे पंचक्रोशीतल्या निम्म्या पोरींचे ते मामा, आणि लग्नाची पत्रिका देवापाठोपाठ दुकानात येई.

आदिलाबाद जिल्ह्याचे चार तुकडे झाले त्याच सुमारास भास्कररावांच्या भावांनी दुकान हैदराबादच्या कंपनीत विलीन केलं. इकडे तोडणं, तिकडे जोडणं. फीत कापायला माणसं दोन्हीकडे हजर. 'आता आपण एक कुटुंब' असा फलक लागला. भास्कररावांना 'ग्राहक संबंध अधिकारी' असा बिल्ला मिळाला आणि गादी हातगाडीवरून घरी आली. नव्या कुटुंबात बसायची सोय नव्हती.

काही महिन्यांनी नेरडीगोंड्याकडचे गणपतराव मुलीचा बस्ता बांधायला आले. घरातल्या दोन पिढ्यांचे बस्ते इथलेच. सगळ्यांनी दाराशी चपला काढल्या. "चप्पल पहनके आइए, बाबा," पहारेकरी म्हणाला. काउंटरवरच्या मुलीने नाव न विचारता तेलुगूत मोबाईल नंबर विचारला. साड्यांच्या रॅकपाशी उभ्या भास्कररावांनी हे पाहिलं आणि ते ट्रायल रूममध्ये शिरले. मंडळी निघून जाईपर्यंत बाहेर आले नाहीत.

"बसा म्हणायला जागा नाही, मग तोंड कसं दाखवू?" त्यांनी मला सांगितलं.

"आरशाला दाखवलंत ना," मी म्हणालो. ते हसले नाहीत.

गणपतरावांच्या मुलीसाठी नवरीची साडी त्यांनी स्वतः निवडून घरी आणून ठेवली होती. पत्रिकेची वाट पाहिली. पत्रिका आली नाही. मी म्हटलं, जाऊन देऊन या. "बोलावल्याबिगर मामा जातो का?" लग्नाचा दिवस गेला. त्यानंतर ते शोरूममध्ये फारसं बोलत नसत. कंपनीच्या अहवालात तक्रारी घटल्याची नोंद झाली असेल...

दहाव्याला गणपतराव आले. पुढच्या खोलीत तीच गादी अंथरलेली, वर घडी न मोडलेली ती साडी. ते चपला काढून दारातच थांबले.

"आमाले पाहून मामा आत काऊन गेले?" त्यांनी विचारलं. "पोरगी अजून इचारते. आमी का परके होतो?"

मी ट्रायल रूमची सगळी हकिकत सांगितली.

"नुसतं बसा म्हनलं असतं त्याइनं," ते म्हणाले, "तं फरशीवर बसलो असतो आमी."

"बसा," मी म्हणालो.

ते बसले. गादी सोडून, खाली फरशीवर.