बिनकामाचं चालणं

पनवेलच्या डॉक्टरांनी ह्यांना फक्त चालायला सांगितलं होतं. डोंगर चढायला नाही, जोर-बैठका काढायला नाही. सकाळी उठून तासभर पायी चाला, चहातली साखर सोडा, भात अर्धा करा. "रोग अजून उंबऱ्यावर आहे, आत घेऊ नका," असं ते म्हणाले. मला वाटलं, सुटलो बाई एकदाचे! आमच्या गावात काम नसताना माणसाला चालायला लावणं किती कठीण आहे, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

लग्न झालं तेव्हा आमचे हे मिठागरात राबत होते. भर उन्हात फळी ओढून मीठ गोळा करायचे, भरतीनं बांध फुटला की चिखलात उतरायचे. अंगावर मांस म्हणून नव्हतं. मग घराला लागून भाताची गिरणी घातली, हे गादीवर बसले आणि लोक शेठ म्हणू लागले. झालं! शेठनं गोणीला हात लावायचा नाही. शेठनं विहिरीवर जायचं नाही. पाण्याचा तांब्यासुद्धा हातात द्यायचा. पनवेलला जायचं तर बैलगाडी दारात उभी. पोट सुटलं तेव्हा सासूबाई कौतुकानं म्हणायच्या, "आता कसा शेठ दिसतो!" मी कपाळावर हात मारून घ्यायची.

ह्यांच्या थोरल्या भावाला हाच मधुमेहाचा रोग होता. पायात साधा काटा मोडला, जखम चिघळली, आणि शेवटी मुंबईच्या इस्पितळात पाय गुडघ्यापासून कापला. त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत. त्यांना ओटीवरून अंगणात आणायला माणसं लागायची, आणि एवढा मोठा माणूस लाजेनं मान खाली घालून बसायचा. म्हणून डॉक्टरांनी ह्यांची लघवी निळ्या औषधात घालून तापवली आणि ती हिरवी होऊन पिवळी पडली, तेव्हा मला थोरल्यांचा कापलेला पाय दिसला. मला ह्यांचे दोन्ही पाय हवे होते, दुसरं काही नको होतं.

पहिल्या दिवशी हे शिरढोणच्या रस्त्याला लागले आणि पहिल्याच ओटीवरून हाक आली, "शेठ, कुठं चाललाव?" आमच्याकडे ही चौकशी नसते, रामराम असतो, पण उत्तर द्यावंच लागतं. शेतावर, बाजारात, मयताला, काहीही सांगा. "असाच" हे उत्तर चालत नाही. असाच फिरतो तो एक तर खुळा, नाही तर बायकोशी भांडून निघालेला. हे गडबडले, थांबले, आणि थांबलेल्या माणसाला आमचे लोक चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत. साखर रेशनची, म्हणून तर शेठच्या कपात दोन चमचे जास्त! तासभर चालायला गेलेला माणूस जेमतेम चार घरं पुढे सरकला आणि गोड चहा पिऊन परत आला.

"चालायला गेला होतात की चहा प्यायला?" मी विचारलं.

"मान मोडवत नाय गं कोनाचा," हे म्हणाले.

मान! मी रोज सांगायची, रोज पालथ्या घड्यावर पाणी. मग ह्यांनीच एक युक्ती काढली. कोणी विचारलं की घाईघाईनं सांगायचं, "तलाठ्याकडं चाललोय." सरकारी काम म्हटल्यावर कोण अडवणार? चहा बंद झाला. हे लांबवर जाऊन घामाघूम होऊन परत यायला लागले. मी खूश होते.

पण आठवडाभरात गावात बोभाटा झाला की शेठ जमीन विकतोय. रोज तलाठ्याकडे जाणारा माणूस दुसरं काय करणार? धाकटे दीर चार माणसं घेऊन ओटीवर आले आणि भावावर ओरडले, "बापाची जमीन कोनाच्या घशात घालतोस?" करायला गेले गणपती आणि झाला मारुती! आणि आमचे हे? खरं सांगायचं सोडून मान खाली घालून म्हणाले, "उद्यापासून नाय जात." रोगाचं नाव काढायची लाज. शेठपणाला डाग लागतो ना!

त्या काळी पुरुष बसलेले असताना बायका दाराआडून बोलत. मी पदर खोचून सरळ ओटीवर आले.

"जमीन कुठं जात नाय, भावजी! जाईल तो यांचा पाय. थोरल्यांना लागला तोच रोग यांना लागतोय. त्यांना अंगनात उचलून आनायला तुमीच होताव ना? यांना उचलायला येनार हाव? नाय ना? मग आताच चालू द्या! आनि परत कोनी चहा पाजला तर त्याच्या दारात येऊन भांडेन मी."

दीर उठले आणि निघून गेले. दुसऱ्या दिवसापासून मीही बरोबर निघाले; हे पुढे, मी मागे. कोणी विचारलं की मीच ठणकावून सांगायची, "चालायला चाललोय." लोक हसले, बायकांनी नावं ठेवली. मी लक्ष दिलं नाही.

पुढं काही दिवसांनी मिठागराच्या बांधावर धाकटे दीर उभे दिसले. आता आणखी काय भांडण काढतात म्हणून माझं डोकं तापलं. पण ते मुकाट आमच्याबरोबर चालू लागले. भाऊ पुढे गेला तसे मागे रेंगाळले आणि जमिनीकडे बघत पुटपुटले, "वयनी, मी लघवीला बसतो तिथं मुंग्या जमतात. लय दिवस झाले. कोनाला बोलू नका."

लय दिवस झाले! आणि हा माणूस आमच्या ओटीवर जमिनीसाठी ओरडत होता. तोंडापर्यंत आलेल्या शिव्या मी कशाबशा गिळल्या.

"पाय उचला, भावजी," मी म्हटलं.