दोन बोटं जास्त

नांदेडच्या विमानतळावर काउंटरशेजारी एक लोखंडी चौकट उभी असते. हातातली बॅग त्यात पूर्ण उतरली तर तुमच्याबरोबर विमानात, नाही उतरली तर खाली सामानात. आमची बॅग उतरली नाही. दोन बोटं वर राहिली. ती दोन बोटं कुणाची हे मला बघताक्षणी कळलं, तरी काही वाटलं नाही. त्या दिवसांत मला कशाचंच काही वाटत नव्हतं.

बाबांना जाऊन तेव्हा अठरा दिवस झाले होते. मायला कायमची माझ्याकडं बेंगळूरला न्यायची, एवढं एकच डोक्यात धरून मी चालले होते.

लातूरला आमचं शिलाईचं दुकान. बाबा फक्त शाळेचे गणवेश शिवायचे. पॅन्ट-शर्टाचं गिऱ्हाईक आलं की त्याला शेजारच्या गल्लीत पाठवायचे. काज-बटण, हेम आणि उसवायचं काम मायचं. बाबांची पद्धत ठरलेली होती. आधी पांढऱ्या दोऱ्यानं लांब लांब टाके घालून कच्चं शिवायचं, पोराच्या अंगावर घालून बघायचं, मगच मशीनवर पक्कं करायचं. त्याला ते ट्रायल म्हणायचे. ट्रायल झाल्याशिवाय दुकानातून एक चड्डीसुद्धा बाहेर जायची नाही. आणि खोड म्हणाल तर एकच, कुठलंही माप घेतलं की त्यात दोन बोटं वाढवायचे. "वाढतं अंग हाय," म्हणायचे.

आमच्या गल्लीतली पोरं पहिलीत गणवेशात बुडायची, दुसरीत गटांगळ्या खायची आणि तिसरीत कुठं तो अंगाला बसायचा, तोवर ढोपरावर फाटलेला असायचा. माझ्या फ्रॉकची खालची एक घडी दर जूनमध्ये सुटायची आणि जुन्या घडीची फिकी रेघ तशीच राहायची. त्या रेघा बघून कुणीही सांगितलं असतं मी कितवीत आहे ते. एकदा बाबांनी घरच्या कूलरला खोळ शिवली, तीही ढगळ. माय म्हणाली, "कूलरला काय आता मिशा फुटायच्यात का?" बाबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तोकडं पडलं तर कोण बोलून घेणार?"

दिवाळीला मी घरी आले होते, तेव्हा परत जाताना माझी चाकाची बॅग ह्याच चौकटीत अडकली. चाकं बाहेर राहिली आणि ती खाली द्यावी लागली. नियम तिकिटावर लिहिलेला होता, चूक माझीच. पण मी तिथूनच बाबांना फोन लावला आणि तोंड सोडलं, जणू ती चौकट त्यांनीच ठोकून घेतली होती.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माप सांग."

"पंचावन्न, पस्तीस, पंचवीस. सेंटिमीटर."

"इंचात सांग की."

"टेपच्या मागच्या बाजूला असतंय बघा."

पुढच्या आठवड्यात त्यांचे तीन फोन आले. मूठ धरून माप का सोडून? बाहेरून खिसा लावला तर चालतंय का? चौकट पत्र्याची का सळईची? तिसऱ्या फोनला मी मीटिंगमध्ये होते. "बाबा, काहीपण शिवा हो," म्हणून ठेवून दिला. नंतर तेच म्हणाले, बॅग होत आलीय, संक्रांतीला ये. मी हाव म्हणाले. संक्रांतीला रजा मिळाली नाही असं सांगितलं. खरं म्हणजे मी रजा मागितलीच नव्हती.

मे महिन्यात, भर दुपारी, ते दुकानातल्या खुर्चीवरच गेले. मशीनच्या सुईत दोरा ओवलेला होता म्हणे.

मी आले आणि कामाला लागले. मंडपवाल्याशी भांडले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी भंतेजींच्या जेवणाचं बघितलं, विहारातून सतरंज्या आणवल्या, परत केल्या. किल्लारीहून जीप भरून भावकी आली होती. बायका माझ्या गळ्यात पडून रडायच्या आणि मी त्यांची पाठ थोपटायची. एक म्हणाली, "लई धीराची पोर हाय." धीर कसला डोंबलाचा! दाढ काढल्यावर गाल होतो तसं आत सगळं बधिर होतं. रात्री मी गाढ झोपायची, सकाळी पोटभर जेवायची. मला माझीच लाज वाटायला पाहिजे होती, तीसुद्धा वाटली नाही.

मग मी ठरवलं, मायला घेऊन जायचं. बेंगळूरच्या घरमालकाला सांगितलं, तिकिटं काढली. गणवेशाच्या गिऱ्हाइकांना एकेक करून फोन केले, की आपलं कापड घेऊन जा, दुकान बंद झालं. एक बाई म्हणाली, "वैनी शिवतील की वो." मी म्हणाले, "न्हाई, त्यांच्यानं व्हायचं न्हाई." माय तिथंच मशीनला टेकून बसली होती, हात मांडीत टाकून. बाबा गेल्यापासून ती 'हं' आणि 'न्हाई' ह्यापलीकडं बोलतच नव्हती. तिच्या गप्प बसण्याचा अर्थ मी 'हो' असा घेतला. मला तो सोयीचा होता.

बॅग दुकानातल्या खिळ्याला लटकत होती. निळ्या कॅनव्हासची, चौकोनी, कापडाच्या थानात असतो तो जाड पुठ्ठा चारी बाजूंनी आत घातलेला. दगडासारखी घट्ट. वर टाचणीनं चिठ्ठी लावलेली, प्रत्येक गणवेशाला लावायचे तशी. वर्ग आणि तुकडी लिहायच्या जागी 'बेंगळूर' लिहिलं होतं. मायनं ती खाली काढली आणि आपलं सामान तीत भरायला लागली. मला हात लावू दिला नाही.

लातूरहून ओळखीचीच गाडी केली. अहमदपूर, लोहा, नांदेड. सगळी वाट तिनं बॅग मांडीवर धरली. मी दोनदा म्हणाले, मागं ठेव, पाय दुखतील. ऐकलंच नाही असं केलं. गाडीवाला आम्हाला सोडून गुरुद्वाऱ्यात लंगरला गेला. जेवून परत लातूर गाठणार होता.

तर ती चौकट. काउंटरवरची मुलगी नांदेडचीच असावी. बॅग उचलून बघितली, दाबून बघितली. पुठ्ठा काही दबेना. शेवटी मायला म्हणाली, "मावशी, ही खाली द्या ना. मी टॅग लावायलेय, कुठं जात नाही."

"हातातून सोडायची न्हाई," माय म्हणाली.

"अगं, तिथं उतरलो की मिळते," मी म्हणाले.

"न्हाई."

"माय, तमाशा करू नकोस. लोकं बघायलेत."

"मग म्या येत न्हाई."

अठरा दिवसांत ती पहिल्यांदाच धड काही बोलत होती. मला आनंद व्हायला हवा होता, पण माझं टाळकं सटकलं. "चुलीत गेली ती बॅग!" मी ओरडले. "मेल्या माणसानं माप चुकवलं तर मी काय करू? पंचावन्न म्हणजे पंचावन्न! त्यांना काय सांगायचं, वाढत्या अंगाची बॅग आहे?"

मागच्या रांगेतलं कुणीतरी हसलं. माय हसली नाही. तिनं बॅग चौकटीवरून काढली, बाजूला घेतली आणि फरशीवर मांडी घालून बसली. बॅग आडवी करून कडेवरून बोट फिरवत नेलं आणि एका जागी थांबली.

"ह्ये बघ."

मी वाकले. निळ्या कॅनव्हासवर पांढरा दोरा. लांब लांब टाके, वरच्या कडेला चारी बाजूंनी.

"कच्ची हाय," माय म्हणाली. "ट्रायल ऱ्हायलीय हिची."

टेलरची पोर मी. पांढरा दोरा म्हणजे काय हे मला अक्षरं यायच्या आधी कळत होतं. खिळ्यावरून काढल्यापासून ती बॅग माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मला तो दोरा दिसला नव्हता. त्यांनी माप चुकवलं नव्हतंच. नेहमीसारखी दोन बोटं जास्त ठेवली होती आणि मी समोर आल्यावर ती आत घेणार होते. जानेवारीपासून बॅग खिळ्याला लावून वाट बघत बसले होते.

"रिकामी कर," माय म्हणाली.

मी एकेक काढत गेले. तिची दोन लुगडी. बाबांचा एक शर्ट. त्यांची टेप. आणि तळाला जुन्या धोतरात बांधलेलं एक गाठोडं. तिनं 'ते ऱ्हाऊ दे' म्हणेपर्यंत मी गाठ सोडली होती. आत कापलेलं कापड होतं. निळे घेर, पांढऱ्या बाह्या, कॉलरचे तुकडे, नऊ वेगवेगळ्या घड्या करून. प्रत्येकीला बाबांच्या अक्षरातली चिठ्ठी. 'तिसरी अ. पोट सैल.' 'पाचवी. उंची वाढणार.' 'पहिली. रडकी आहे, टाचणी जपून.'

"हे काय गं?"

"लोकाचं कापड हाय. न्यायला आले न्हाईत. पंधरा दिवसांत शाळा उघडायल्यात."

"आणि बेंगळूरला नेऊन काय करणार होतीस? माझ्याकडं मशीन तरी आहे का?"

"हातानं शिवले असते."

"नऊ गणवेश? हातानं? आणि लातूरला कसे पाठवणार होतीस?"

"त्येचा इचार केला न्हवता," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "कातरलेलं कापड वापस देत न्हाईत, बाई. आन् दुसऱ्याच्या हातातबी देत न्हाईत. त्येंनी कधी दिलं का?"

नव्हतं दिलं. मला हे माहीत होतं. तरी मी घरोघर फोन करत सुटले होते.

मायनं बांगडीला अडकवलेली पिन काढली, एक टाका उचलला आणि दोरा ओढला. सर्रकन सगळा निघून आला. आतला पुठ्ठा वर आला, तर दोन बोटांवर त्याला आधीच दुमड पाडलेली. तिनं पुठ्ठा दुमडला, कॅनव्हास आत घेतला आणि पदराच्या आतल्या बाजूला टोचलेली सुई काढली. मी बघत राहिले. अठरा दिवस मांडीत मेल्यासारखे पडलेले ते हात टाके घालत सुटले होते, टाका, ओढ, टाका, ओढ. काउंटरवरची मुलगी पुढं येऊन वाकली. "मावशी, काउंटर बंद व्हायला दहाच मिनिटं आहेत हां."

"झालंच बघ, बाई."

दातानं दोरा तोडून तिनं बॅग माझ्या हातात दिली. मी चौकटीत सोडली. अलगद आत गेली, सगळीकडून एकसारखी. "बसली की!" ती मुलगी म्हणाली आणि हातातल्या सामानाचा टॅग बांधायला लागली.

मी खाली सांडलेलं सामान गोळा करायला वाकले तर मायनं माझा हात धरला. बाबांचा शर्ट आणि टेप तिनं बॅगेत टाकली. आपली लुगडी मात्र गाठोड्यात घातली आणि वरून गाठ मारली.

"ही तुझी हाय. तुझ्यासाठी शिवलीय. न्हे."

"आणि तू?"

"गाडीवाल्याला फोन लाव. जेवत असंल अजून."

मला ओरडायचं होतं. तिकीट, रजा, घरमालक, सगळं तोंडावर आलं होतं. "आधी का नाही बोललीस?" एवढंच निघालं.

"तू लई घाईत हुतीस."

"एकटी कशी राहशील गं?"

"एकटी कशाची? नऊ पोरं यायचीत ट्रायलला."

मी फोन लावला. गाडीवाला लंगरातच होता. दारापर्यंत मी तिच्याबरोबर गेले. तिनं गाठोडं काखेत मारलं, दुसऱ्या हातानं माझ्या बॅगेची वरची कड चाचपून बघितली. तिनंही पांढराच दोरा वापरला होता.

"कच्चंच घातलंय म्या. तेवढ्यापुरतं निभंल," ती म्हणाली. "दिवाळीला ये, तवा मशीनवर पक्की करून देते. येशील न्हवं?"

"हाव," मी म्हणाले.

ती गेली. आत वळून तपासणीच्या रांगेत उभी राहिले, तेव्हा मला आठवलं की संक्रांतीलासुद्धा मी बाबांना हावच म्हणाले होते. पुढच्या माणसानं आपली बॅग पट्ट्यावर ठेवली. माझी पाळी आली तरी मला ती हातातून सोडवेना.