बर्फ नक्की

नवऱ्याच्या व्हिसावर नेदरलँड्सला आलेल्या चारुताला उइटहॉर्नमध्ये सहा वर्षं सगळे 'देवदत्तची बायको' म्हणूनच ओळखत. सातव्या हिवाळ्यात तिने एक बस ठरवली, मराठी कुटुंबांना जर्मनीत विंटरबर्गला बर्फात खेळवून आणलं, आणि ती एकदम 'बर्फवाली चारुता' झाली. नाव काही फार शोभिवंत नव्हतं, पण तिचं स्वतःचं होतं. त्या नावाच्या जोरावर तिने सहलींची छोटी कंपनी काढली.

चार हिवाळे झकास गेले. यंदा जाहिरात लिहिताना तिने डच माहितीपत्रकातला 'स्नेउझेकर' हा शब्द उचलला. बर्फाचा भरवसा असलेल्या जागेला डच माणूस असं म्हणतो आणि तरीही हवामान बघूनच घराबाहेर पडतो. चारुताने त्याचं मराठी केलं, 'बर्फ नक्की!' आपल्यात 'नक्की' किती सैल हाताने वापरतात ते तिला ठाऊक होतं. डोहाळजेवणाला 'नक्की येते' म्हणून ती स्वतः कितीदा तरी गेली नव्हती.

मराठी मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर धडाधड उत्तरं आली. 'आम्ही चौघं नक्की.' 'बेस्ट गावाहून दोघं नक्की.' आणि इथेच बाई फसली. अठ्ठेचाळीस माणसांच्या या 'नक्की'वर तिने बस पक्की केली. बसवाल्या डच माणसाने आधीच बजावलं होतं, चाळीसच्या खाली माणसं आली तर पुढच्या हिवाळ्यातले तुझे शनिवार दुसऱ्याला देईन. शनिवार गेले की कंपनी गेलीच.

निघायच्या आठवड्यात पारा नऊवर चढला. विंटरबर्गच्या ऑनलाइन कॅमेऱ्यात हिरवेगार उतार आणि बर्फ फवारणारी बंद यंत्रं दिसत होती. ती लिंक ग्रुपवर फिरली मात्र, कोणाच्या मुलाला ताप आला, कोणाची मीटिंग निघाली. खरं कारण सांगितलं ते एकट्या संध्याने, पहिल्या बसपासूनच्या मैत्रिणीने.

"अगं, तूच लिहिलंस ना बर्फ नक्की म्हणून? बर्फ नाही तर लोक कॅन्सल करणारच."

"आणि तू चौघं नक्की लिहिलंस, त्याचं काय?"

"ते वेगळं गं. आपण असंच लिहितो."

चारुताचा तिळपापड झाला. म्हणजे तिचं 'नक्की' तेवढं काळ्या दगडावरची रेघ, आणि या सगळ्यांचं नुसतं बोलणं!

शनिवारी एकोणीस माणसं निघाली. विंटरबर्गला दिवसभर पाऊस. बसमध्येच थालीपीठं खाऊन मंडळी परत फिरली. ड्रायव्हरने डोकी दोनदा मोजली. सोमवारी बसवाल्याची मेल आली, अगदी सभ्य भाषेतली: पुढचे शनिवार दुसऱ्याला दिले आहेत.

आणि बुधवारी उइटहॉर्नमध्येच बर्फ पडला. चांगला घोट्यापर्यंत, दारात, फुकट. ताप आलेली मुलं गल्लीभर घसरगाडी ओढत होती. संध्याने ग्रुपवर व्हिडिओ टाकला, 'चारुता, बर्फ नक्की!! बसची गरजच नाही.' खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली.

"बघ, कोणाच्या मनात काही नाही," देवदत्त म्हणाला.

तेच तर तिला लागलं होतं. मनात काही असतं तर निदान कोणी शरमलं असतं. तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. संध्याच होती. 'पुढच्या वर्षीची तारीख लवकर टाक हं. आम्ही चौघं नक्की!'

चारुताने बसवाल्याच्या मेलचं कोणालाच सांगितलं नाही. एकच शब्द टाइप केला.

'नक्की.'