सतरा नंबरचा इशारा

ओताकार शिमाचेकला काहीही विचारा, पहिलं उत्तर 'नाही' असंच यायचं. बिअर घेणार? नाही. खिडकी उघडू? नाही. मग थोडा वेळ हनुवटी खाजवून तो बिअर घ्यायचा आणि खिडकीही स्वतःच उठून उघडायचा. त्याच्या या नन्नाच्या पाढ्याला आमच्या ब्र्नोत हसणारे पुष्कळ होते, आणि त्यातले निम्मे त्याच्याच हाताखाली शिकलेले होते.

त्याचा धंदाही 'नाही' म्हणण्याचाच होता. ब्र्नोतल्या एका कंपनीनं एके काळी यंत्रमागांसाठी स्वतःचा प्रोसेसर काढला आणि गावच्या नदीवरून त्याचं नाव ठेवलं स्व्रात्का. कंपनी केव्हाच बुडाली, पण मोराव्हियातल्या, म्हणजे आमच्या चेक मुलखातल्या, जुन्या मागांच्या पोटात स्व्रात्का अजून धडधडत होता. जगभरची माणसं मिळून जे कर्नल, म्हणजे संगणकाच्या गाभ्यातला मूळ प्रोग्रॅम, लिहितात, त्यात या प्रोसेसरपुरता भाग ओताकार सांभाळायचा. कुणी त्यात काही बदल सुचवला की तो आधी नाही म्हणायचा, मग वाचायचा, आणि बहुतेकदा पुन्हा नाहीच म्हणायचा.

त्या भागात एक छोटी फाइल होती. तिच्यावर त्याचा पोटच्या पोरासारखा जीव. कर्नल चालत्या प्रोग्रॅमला अधूनमधून इशारे देतं: थांब, मर, परक्याच्या जागेत पाय टाकलास, तुझं पोर वारलं, म्हणजे तू सुरू केलेला मदतनीस प्रोग्रॅम संपला. हे इशारे शब्दांत नसतात, आकड्यांत असतात. कुठला आकडा म्हणजे काय, हे प्रत्येक प्रोसेसरसाठी अशा एका फाइलीत ठरवून दिलेलं असतं. काही आकडे मोकळे ठेवतात, त्यांचा अर्थ ज्यानं त्यानं आपला लावावा. जगात बहुतेक ठिकाणी सतरा म्हणजे 'पोर वारलं'. स्व्रात्कावर मात्र सतरा हा मोकळा आकडा होता, आणि तो तसा ठेवण्यासाठी ओताकारनं अर्ध्या जगाशी भांडण घेतलं होतं.

त्याला कारण होतं द्राहोमिराच्या गिरणीचं. गिरणी गावाबाहेर, कापड पडद्यांचं, आणि द्राहोमिरा तिथली मुकादमीण. मागावर धागा तुटला की कर्नल मागाच्या प्रोग्रॅमला सतरा नंबरचा इशारा द्यायचं आणि प्रोग्रॅम माग थांबवायचा. ज्या म्हाताऱ्यानं तो प्रोग्रॅम लिहिला, त्यानं इशाऱ्याचं नाव लिहायच्या जागी सरळ सतरा असा आकडाच लिहून ठेवला होता. शहाण्यानं असं करू नये. पण म्हातारा वारला, मूळ प्रत हरवली, आणि प्रोग्रॅम काही बदलता येईना. तेव्हा ओताकार द्राहोमिराला म्हणाला होता, "तुमच्या प्रोग्रॅमला हात लावायची वेळ येणार नाही. मी आहे तोवर सतरा म्हणजे सतराच." कुणी न मागता त्यानं दिलेला हा एवढाच शब्द असावा.

आता लुबोश. ओताकारनं त्याला कॉलेजातून उचलला, पहिला बदल लिहायला शिकवला, पहिल्या बदलावर 'नाही' म्हणून रडवलाही. बायको गेल्यावर ओताकारच्या घरी येणारं-जाणारं माणूस म्हणजे लुबोशच. आमच्याकडे घरात शिरताना बूट दारात काढतात आणि पाहुण्याला सपाता देतात. लुबोशला द्याव्या लागत नसत. त्याच्या स्वतःच्या हिरव्या चौकड्यांच्या सपाता ओताकारच्या दारामागे कायमच्या पडलेल्या असायच्या. शरद ऋतूत दोघं मिळून रानात अळंबी वेचायला जायचे. लुबोश त्याला 'उस्ताद' म्हणायचा, अर्धं थट्टेनं, अर्धं खरं.

त्या वर्षी ओताकारच्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी संगणकाच्या पडद्याकडे बघायचं नाही असं बजावलं. लुबोशनं त्याला गाडीतून नेलं, आणलं, लसणाचं सूप करून पाजलं.

"तुझी टपालं मी वाचून दाखवतो, उस्ताद," तो म्हणाला.

"नाही."

"बरं, मग मी मोठ्यानं वाचतो आणि तू ऐकू नकोस."

ओताकार हसला. रोज संध्याकाळी लुबोश सपाता घालून बसायचा आणि कर्नल लिहिणाऱ्या मंडळींची संगणकावर आलेली टपालं वाचून दाखवायचा. कोण कुणाशी भांडलं, कुणाचा बदल परत आला, सगळं अगदी आवाज काढून. एवढ्या मायेनं पोटचा मुलगाही करत नाही, असं ओताकार शेजाऱ्यांना सांगत असे.

डोळे बरे झाल्यावर त्यानं नेहमीचं काम हाती घेतलं. नवं कर्नल जगासाठी बाहेर पडायच्या आधी त्याची कच्ची आवृत्ती तो गिरणीतल्या कोपऱ्यातल्या मागावर चालवून बघायचा. द्राहोमिरा कॉफी घेऊन शेजारी उभी राहायची. या खेपेला माग सुरू झाला, धागा तुटला, आणि माग थांबलाच नाही. कापडात बोटभर रुंदीची फट पडत गेली. मग धागे सगळे शाबूत असताना माग आपोआप थांबला.

"इंजिनियरसाहेब," द्राहोमिरा म्हणाली, "डोळे तुमचे केले की मागाचे काढले?"

ओताकारनं तिथंच ती फाइल उघडली. तिच्यातले आकडे बदलले होते. त्याचा सतरा आता जगासारखा 'पोर वारलं' झाला होता आणि मोकळा इशारा बारावर गेला होता. म्हणजे धागा तुटल्यावर कर्नल बारा म्हणत होतं, प्रोग्रॅमला बारा ठाऊक नव्हता, आणि असा अनोळखी इशारा आला की प्रोग्रॅमनं मरायचं असतं. तो मरत होता आणि माग आंधळा चालत होता. मग तो आपोआप पुन्हा सुरू व्हायचा, त्याचा कुठलासा मदतनीस प्रोग्रॅम संपला की सतरा यायचा आणि माग विनाकारण थांबायचा.

बदल करणाऱ्याचं नाव होतं लुबोश. कारण दिलं होतं, 'स्व्रात्काचे आकडे इतरांसारखे केले, जुने आकडे कुणी वापरत नाही'. आणि त्याखाली आणखी एक ओळ होती, 'संमती: ओताकार शिमाचेक'.

या मंडळींची रीत अशी की एखाद्यानं तोंडी हो म्हटलं तरी बदल लिहिणारा त्याच्या नावानं संमतीची ओळ घालू शकतो. कुणी पुरावा मागत नाही. सगळा कारभार भरवशावर चालतो, आणि भरवशाच्या म्हशीला टोणगा व्हायचा तो असा होतो. ओताकारनं बदलाची तारीख बघितली. त्या दिवसांत लुबोश त्याच्याच खुर्चीत बसून त्याचीच टपालं वाचत होता. या बदलाचं एक टपाल तेवढं त्यानं गाळलं होतं.

संध्याकाळी ओताकारनं त्याला बोलावलं. लुबोशनं दारात बूट काढले, सवयीनं सपातांत पाय घातले आणि त्याचा चेहरा बघताच ओळखलं.

"गिरणीत गेला होतास?"

"तुला गिरणी ठाऊक नव्हती?" ओताकार म्हणाला. "तिथं द्राहोमिराच्या हातचे गोड कोलाच काय मी एकट्यानं खाल्ले?"

"माझ्या नव्या कंपनीला सगळे आकडे एकसारखे हवेत रे. ते जमवलं तर तुकडी माझ्या हातात देणार होते. एका गिरणीसाठी सगळ्या जगानं वाकडं चालायचं का?"

"मग मला विचारायचं."

"तू नाही म्हणाला असतास."

"हो."

"म्हणून तर नाही विचारलं," लुबोश म्हणाला.

लुबोशनं बाटलीतली स्लिवोवित्स, आमच्याकडची आलुबुखारची दारू, दोन पेल्यांत ओतली. दोघांनीही घेतली नाही.

"उस्ताद, आकडे मी स्वतः परत फिरवतो. नवं कर्नल रविवारी बाहेर पडायच्या आत," तो म्हणाला. "तू फक्त एवढंच लिही की गिरणी चालू आहे. संमती खोटी होती हे लिहू नकोस. ते लिहिलंस तर माझ्या हातची एक ओळही यापुढे कुणी घेणार नाही. माझं सगळं तिथंच आहे, तुला माहीत आहे."

"नाही," ओताकार म्हणाला.

मग हनुवटी खाजवत तो खिडकीशी गेला. आपलेच दात आणि आपलेच ओठ. खाली ट्राम गेली, काच थरथरली. या पोराला पहिली ओळ लिहायला कुणी शिकवलं, हे त्याला आठवत असावं. वळून तो म्हणाला, "बरं."

दुसऱ्या दिवशी त्यानं सगळ्यांना दोन ओळी लिहिल्या: स्व्रात्कावरची एक गिरणी चालू आहे, जुने आकडे कृपया परत ठेवावेत. संमतीविषयी अक्षर नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते यालाच.

कारण कुणीतरी लगेच विचारलं, साहजिकच होतं ते, की संमती तर तुमचीच होती, मग आता हे काय? ओताकार काय लिहावं या विचारात असतानाच लुबोशचं उत्तर आलं. 'ओताकारनं मला बिअर पिताना हो म्हटलं होतं. नंतर त्याच्या लक्षात राहिलं नसावं. नुकतंच ऑपरेशन झालं आहे, वयही आहे. त्याला दोष देऊ नये. आकडे मी पूर्ववत करतो आहे.' अगदी मऊ भाषा. केसानं गळा कापतात तो असाच, माणसाला आधी कळतसुद्धा नाही.

मग जगभरातून टपालं यायला लागली. ज्यांच्या बदलांना त्यानं आयुष्यभर 'नाही' म्हटलं, ज्यांनी त्याच्या नकारांवर विनोद केले, तीच माणसं मायेनं लिहीत होती: ओताकार, विश्रांती घे. डोळे सांभाळ. कुणाचंही चुकतं. एका बिअरवर ओताकार शिमाचेक पहिल्या दमात हो म्हणाला, यावर एकानंही शंका घेतली नाही. त्याला संताप आला तो याचा. खरं काय ते लिहायला त्यानं घेतलं आणि पुसून टाकलं. आता लिहिलं असतं तर विसरभोळा म्हातारा वर खोटंही बोलतो, असं झालं असतं.

रविवारी नवं कर्नल बाहेर पडलं. सतरा जागेवर होता. आकडे परत फिरवणारा म्हणून लुबोशचं नाव होतं, आणि सर्वानुमते स्व्रात्काचा भाग यापुढे सांभाळणारा म्हणूनही त्याचंच. ओताकारचे आभार मानले होते.

त्या आठवड्यात द्राहोमिरा ब्र्नोत आली ती कोलाचची थाळी फडक्यात बांधून. दारात उभी राहून बूट काढता काढता बोलू लागली.

"माग झकास चाललाय, इंजिनियरसाहेब. तुमच्या लुबोशचा फोन आला होता. म्हणाला, मीच सगळं नीट केलं."

"केलं ना. आकडा बरोबर आहे."

"आणि म्हणाला, तुम्ही हल्ली विसरता. त्याला हो म्हणालात नि विसरलात."

ओताकारनं थाळी हातात घेतली. "तुम्हाला काय वाटतं?"

"मला?" द्राहोमिरा हसली. "तुम्हाला पहिल्यांदा कॉफी विचारली तेव्हा नाही म्हणालात. आजवर दर खेपेला नाही म्हणता आणि दोन कप पिता. तुम्ही हो म्हणालात असं तो म्हणाला, तेव्हाच मी फोन ठेवला."

ओताकारचे नवे डोळे भरून आले. डॉक्टरांनी डोळे चोळू नका म्हणून बजावलं होतं, म्हणून तो तसाच उभा राहिला. एवढ्या मोठ्या जगात ज्याला त्याचा स्वभाव ठाऊक होता, असं माणूस गिरणीत निघालं. त्याच्या धंद्यातलं कुणी नाही.

"फरशी गार आहे हो," द्राहोमिरा म्हणाली. तिनं दारामागच्या हिरव्या चौकड्यांच्या सपाता बघितल्या. "या कुणाच्या?"

ओताकारनं वाकून त्या उचलल्या आणि तिच्या पायांपुढे नीट जोडीनं ठेवल्या.

"कुणाच्या नाहीत," तो म्हणाला. "घाला तुम्ही."